एका ग्रोशनची आतडी

जर्मनीतील थुरिंगिया प्रांतात आर्नश्टाट नावाचे गाव आहे. तेथील भिक्षुणींच्या मठाच्या १४०४ सालच्या हिशेबात एक छोटीशी नोंद सापडते: ब्राटवुर्स्टसाठी आतडी, एक ग्रोशन. ग्रोशन हे त्या काळचे नाणे, आणि ब्राटवुर्स्ट म्हणजे भाजून खायचे सॉसेज. थुरिंगियातील ब्राटवुर्स्टचा हा सर्वांत जुना लेखी पुरावा मानला जातो. त्या नोंदीत मांसाचा वा मसाल्याचा उल्लेख नाही. खर्च मांडला आहे तो ज्यात मांस भरायचे त्या आवरणाचा. युरोपातील रस्त्यावर मिळणारी सॉसेजे आणि अमेरिकेतील हॉट डॉग यांची तुलना करायची झाल्यास ती याच नोंदीपासून सुरू करावी असे मला वाटते, कारण या दोहोंतील खरा फरक आतल्या सारणापेक्षा आवरणात अधिक आहे.

सारणाचे रसायन दोन्हीकडे जवळजवळ एकच आहे. मांसाच्या तंतूंमधील मायोसिन हे प्रथिन नुसत्या पाण्यात फारसे विरघळत नाही. मात्र मांसात सुमारे दोन टक्के मीठ घालून ते बारीक कापत गेले की हे प्रथिन तंतूंतून सुटते, सगळा लगदा चिकट होतो आणि चरबीच्या कणांभोवती प्रथिनाचा पातळ थर बसतो. पुढे उष्णता लागताच या प्रथिनाची जाळी घट्ट होते आणि पाणी व चरबी तिच्यात अडकून राहतात. लगदा तयार करताना पात्यांच्या घर्षणाने तो तापतो, म्हणून त्यात पाण्याऐवजी बर्फाचा चुरा घालतात. तापमान साधारण १२ ते १५ अंश सेल्सिअसच्या वर गेले की डुकराची मऊ चरबी पाघळू लागते, प्रथिनाच्या थरातून निसटते, आणि शिजवल्यावर सॉसेजमधून तेलाचे थेंब सुटून आतले मांस कोरडे, रवाळ होते. हॉट डॉगमध्ये हा लगदा अगदी गुळगुळीत होईपर्यंत वाटतात. थुरिंगियाच्या ब्राटवुर्स्टमध्ये मांसाचे कण बहुधा दाताला जाणवतील इतके जाड ठेवतात.

आता आवरणाकडे वळू. मेंढीच्या किंवा डुकराच्या आतड्याचे आतले-बाहेरचे थर खरवडून काढले की मागे एक पारदर्शक, चिवट पडदा उरतो. तो मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाचा असतो. कोलॅजेन साधारण ६० ते ६५ अंशांना आकसते, म्हणजे आतले सारण तापून फुगू लागते नेमके त्याच वेळी वरचा पडदा आवळला जातो. ताणलेल्या अशा पडद्यात दात रुतला की तो हळूहळू फाटत नाही, एकदम तुटतो. ‘कट्’ असा आवाज येतो आणि आतला गरम रस उडतो. बेसावध खाणाऱ्याच्या सदऱ्यावर तो हमखास पडतो. जर्मनमधील ‘क्नाकवुर्स्ट’ हे नावच या आवाजावरून आलेले आहे.

शेगडीवर ठेवलेले सॉसेज फुटते तेव्हा ते बहुतेक वेळा उभेच, म्हणजे लांबीच्या दिशेने चिरते. त्यामागे भौतिकशास्त्राचा एक साधा नियम आहे. आतून दाब असलेल्या पातळ नळकांड्याच्या भिंतीवर परिघाच्या दिशेने जो ताण येतो, तो लांबीच्या दिशेने येणाऱ्या ताणाच्या बरोबर दुप्पट असतो. त्यामुळे भिंत परिघावर आधी हार मानते आणि चीर लांबीला समांतर पडते. बॉयलर आणि गॅसच्या टाक्यांची रचना करताना हेच गणित वापरतात, आणि जर्मन अभियांत्रिकीचे विद्यार्थी त्या सूत्राला गमतीने ‘बॉकवुर्स्टचे सूत्र’ म्हणतात (बॉकवुर्स्ट हा सॉसेजचाच एक प्रकार). याच गणिताप्रमाणे सॉसेज जितके जाड तितका त्याच्या आवरणावरचा ताण अधिक, म्हणून जाड सॉसेज भडक आचेवर ठेवणे धोक्याचे.

जर्मनीतील न्यूरेंबर्ग शहराच्या सॉसेजला ही भीती कमी. ते जेमतेम ७ ते ९ सेंटिमीटर लांबीचे आणि २० ते २५ ग्रॅम वजनाचे असते, मेंढीच्या बारीक आतड्यात भरलेले असते, आणि त्याला येणारा मुख्य वास मरव्याचा असतो. आपल्याकडे गजऱ्यात माळतात तोच मरवा. इतक्या लहान आकाराविषयी न्यूरेंबर्गमध्ये एक कथा सांगतात: रात्री दारे बंद झाल्यावर कुलपाच्या भोकातून गिऱ्हाइकाला सॉसेज देता यावे म्हणून ते असे बारीक केले. कथा खरी असो वा नसो, फायदा मात्र खरा आहे. सॉसेजची जाडी निम्मी केली की तेवढ्याच वजनाच्या मांसाला दुप्पट पृष्ठभाग मिळतो, आणि भाजण्याची सगळी चव पृष्ठभागावरच तयार होते. साधारण १४० अंशांच्या पुढे प्रथिनांमधील अमिनो आम्ले आणि साखरेचे रेणू यांच्यात मेयार अभिक्रिया वेगाने होते आणि तिच्यातून तपकिरी रंग व शेकडो सुगंधी संयुगे निर्माण होतात. पाण्यात गरम होणाऱ्या सॉसेजचा पृष्ठभाग १०० अंशांच्या वर जाऊ शकत नाही, त्यामुळे तेथे ही अभिक्रिया जवळजवळ होतच नाही. थुरिंगियात १५ ते २० सेंटिमीटरचे सॉसेज कोळशावर भाजून ज्या पावात देतात तो पाव इतका आखूड असतो की सॉसेजची दोन्ही टोके हातभर बाहेर आल्यासारखी दिसतात. तेथे पावाचे काम बोटे भाजू न देण्यापुरतेच आहे. न्यूरेंबर्ग आणि थुरिंगिया या दोन्ही सॉसेजांना २००३ मध्ये युरोपीय संघाने भौगोलिक संरक्षण दिले.

हॉट डॉगचा पूर्वज मात्र या भाजक्या घराण्यातला नाही. फ्रँकफुर्टमध्ये धंदा शिकलेला योहान गेऑर्ग लाहनर हा खाटीक व्हिएन्नाला गेला आणि १८०५ मध्ये त्याने डुकराच्या मांसात गाईचे मांस मिसळून बारीक वाटलेले, धुरी दिलेले सॉसेज विकायला सुरुवात केली. व्हिएन्नात त्याला ‘फ्रँकफुर्टर’ म्हणतात आणि व्हिएन्नाबाहेर बहुतेक ठिकाणी ‘वीनर’, म्हणजे व्हिएन्नाचे. दोन्ही शहरे जणू ते दुसऱ्याच्या पदरात टाकतात. हे सॉसेज आधीच शिजवलेले असल्यामुळे विक्रेत्याला ते फक्त गरम पाण्यात ठेवावे लागते. जर्मन स्थलांतरितांबरोबर ते अमेरिकेत पोहोचले. चार्ल्स फेल्टमन याने १८६७ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर ते पावात घालून विकले, आणि त्याच्याकडे काम केलेल्या नेथन हँडवर्कर याने १९१६ मध्ये शेजारीच दुकान थाटून दहा सेंटांचा भाव पाच सेंटांवर आणला. ज्यू खाटकांमुळे केवळ गाईच्या मांसाचे हॉट डॉग रूढ झाले. गाईची चरबी डुकराच्या चरबीपेक्षा अधिक तापमानाला वितळते, त्यामुळे त्या हॉट डॉगचा घास अधिक घट्ट लागतो.

यापुढचे वळण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. शिकागोतील अर्विन फ्रॉइंड याने १९२५ च्या सुमारास सेल्युलोजची नळी बाजारात आणली. आतडी जनावरागणिक लहानमोठी असतात, त्यांना वाक असतो, ती धुवावी लागतात आणि भरताना फाटतात. सेल्युलोजची नळी मैलोगणती एकाच जाडीची मिळते. यंत्र तीत लगदा भरते, ठरावीक अंतरावर पीळ देते आणि ती माळ धुरीच्या भट्टीतून जाते. धुरातील आम्ले आणि उष्णता यांमुळे लगद्याच्या बाहेरच्या थरातील प्रथिने साकळून त्यांची स्वतःचीच एक पातळ कातडी बनते. मग दुसरे यंत्र सेल्युलोजला चीर देऊन ते सोलून काढते. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक अमेरिकी हॉट डॉगना म्हणूनच वेगळे आवरण नसते, आणि एका पौंडाच्या पाकिटातील दहाही हॉट डॉग प्रत्येकी ४५ ग्रॅमचे, एका साच्यातून काढल्यासारखे असतात. न्यूयॉर्क आणि शिकागोतील कित्येक जुने विक्रेते आजही आतड्याच्या आवरणातले सॉसेज ठेवतात आणि त्याचा तो ‘कट्’ आवाज हीच त्यांची जाहिरात असते.

आवरण गेले तसा दाताला मिळणारा प्रतिकारही गेला, आणि त्याची भरपाई पावात वरून घालायच्या पदार्थांनी केली असे मला दिसते. शिकागोच्या हॉट डॉगमध्ये खसखस लावलेल्या पावात सॉसेजवर पिवळी मोहरी, कच्चा कांदा, भडक हिरवा लोणच्याचा चुरा, टोमॅटोच्या फोडी, लोणच्यातल्या काकडीची लांब फोड, लहान तिखट मिरच्या आणि सेलरीचे मीठ एवढे सगळे असते. केचप मात्र निषिद्ध. कुरकुरीतपणा, आंबटपणा, तिखटपणा सगळा बाहेरून येतो. पावही सॉसेजच्या लांबीचाच बेतलेला असतो.

रंगातला फरकही सांगितला पाहिजे. भाजका ब्राटवुर्स्ट आतून करडा-पांढरा निघतो, हॉट डॉग गुलाबी. ही किमया सोडियम नायट्राइटची, म्हणजे मांस टिकवण्यासाठी घालायच्या एका क्षाराची. त्यातून निर्माण होणारे नायट्रिक ऑक्साइड मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनातील लोहाला चिकटते आणि शिजवल्यावरही गुलाबी रंग टिकतो. पण नायट्राइटचे मोठे काम जंतूंना रोखण्याचे आहे. युस्टिनुस केर्नर या वैद्यकी करणाऱ्या कवीने १८२० आणि १८२२ मध्ये व्युर्टेंबर्गमधील सॉसेज खाऊन झालेल्या विषबाधांचे तपशीलवार वर्णन प्रसिद्ध केले. ते विष त्याने स्वतःवरही आजमावले. पुढे त्या रोगाला ‘बोट्युलिझम’ हे नाव मिळाले, ते सॉसेज या अर्थाच्या ‘बोट्युलस’ या लॅटिन शब्दावरून. त्याच्या जंतूंना प्राणवायू नसलेली जागा मानवते, आणि हवा काढून बंद केलेले, आठवडेच्या आठवडे टिकवायचे पाकीट म्हणजे नेमकी तशीच जागा. ताजे करून त्याच दिवशी भाजायच्या सॉसेजला नायट्राइट लागत नाही. पाकिटातल्या हॉट डॉगला ते टाळणे अवघड. मात्र नायट्राइट घातलेले मांस विस्तवावर करपले की त्यात कर्करोगजनक नायट्रोसमाइन्स तयार होऊ शकतात, म्हणून जर्मनीत गुलाबी सॉसेजे शेगडीवर भाजू नयेत असा सल्ला देतात. अमेरिकेत परसातल्या शेगडीवर नेमकी तीच भाजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये प्रक्रिया केलेले मांस कर्करोगकारक ठरवले. रोज ५० ग्रॅम खाल्ल्यास मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो. ५० ग्रॅम म्हणजे जवळपास एक हॉट डॉग.

गोव्याच्या चोरीस पावात आवरणाची तिसरीच गत होते. पोर्तुगीजांकडून आलेल्या या सॉसेजचे मांस वाटलेले नसते, तर तुकड्यांचे असते. व्हिनेगरची आंबटता, मीठ, मिरची आणि वाळवण यांवर ते टिकते. शिजवताना माळेतला एकेक मणी फोडून आवरण टाकून देतात आणि आतले मांस कांद्याबरोबर परततात.

व्हिएन्नाच्या रस्त्यांवरील सॉसेजच्या टपऱ्यांना २०२४ मध्ये ऑस्ट्रियाच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या राष्ट्रीय यादीत स्थान मिळाले. त्या टपऱ्यांवर ‘हॉट डॉग’ मागितला तर विक्रेता लांब पावाचे एक टोक कापतो आणि उरलेला पाव तापलेल्या धातूच्या उभ्या सुळ्यावर खोचतो. सुळा पावाला आतून भोक पाडतो आणि भाजतोही. त्या भोकात मोहरीची धार सोडून तो सॉसेज वरून आत सरकवतो, आणि ते सॉसेज लाहनरच्या सॉसेजच्याच वंशातले, मेंढीच्या आतड्यात भरलेले असते.