नावात मेकॅनिकल, पदवी मात्र ५८ वर्षांनी

पुण्याच्या सीओईपीचं, म्हणजे कॉलेज ऑफ इंजिनिअरिंग, पुणेचं, पाळण्यातलं नाव ‘पूना इंजिनिअरिंग क्लास अँड मेकॅनिकल स्कूल’, साल १८५४. ‘मेकॅनिकल’ हा शब्द असा पहिल्या दिवसापासून पाटीवर होता; त्या विषयाचा पदवी अभ्यासक्रम सुरू व्हायला मात्र १९१२ उजाडलं.

मधली ५८ वर्षं सिव्हिलची. मुंबई-ठाणे आगगाडी १८५३ मध्ये धावली होती आणि सरकारला रस्ते, पूल, कालवे, इमारती यांच्या कामावर देखरेख करणारी माणसं हवी होती. संस्थेचं ध्येय म्हणाल तर एवढंच: साहेबाच्या हाताखालची माणसं तयार करणं. यंत्रं विलायतेहून यायची. ती इथे घडवावीत अशी निकड सरकारला कशाला वाटेल? १८६६ मध्ये मुंबई विद्यापीठाशी संलग्नता मिळाली, तीही एल.सी.ई. (लायसेन्शिएट इन सिव्हिल इंजिनिअरिंग) या सिव्हिलच्या परीक्षेसाठी. पुढे ‘कॉलेज ऑफ सायन्स’ झालं, शेतकीचे वर्गही भरले.

गंमत अशी, की त्या काळातले इथले सर्वांत नावाजलेले विद्यार्थी मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या (एल.सी.ई., १८८३) यांचं खडकवासल्याचं गाजलेलं काम यंत्राचंच. १९०३ मध्ये बसवलेले त्यांचे स्वयंचलित दरवाजे धरणातलं पाणी ठरावीक पातळीच्या वर चढलं की आपोआप उघडायचे, उतरलं की मिटायचे. पदवी सिव्हिलची, डोकं मेकॅनिकलचं!

तोवर बाहेरची हवा बदलली होती. मुंबईत व्हीजेटीआय ही तंत्रशिक्षण संस्था १८८७ पासून गिरण्यांसाठी तंत्रज्ञ घडवत होती. तिथे शिक्षक राहिलेल्या लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये किर्लोस्करवाडीत कारखाना उभारला. यंत्र चालवणाऱ्याबरोबर ते आखणाराही आता लागणार होता. १९११ मध्ये पुण्याचं कॉलेज पुन्हा निखळ इंजिनिअरिंगचं झालं आणि वर्षभरात मेकॅनिकलची पदवी आली. इलेक्ट्रिकलला त्यानंतरही वीस वर्षं थांबावं लागलं.

स्वातंत्र्यानंतर पिंपरी-चिंचवडला कारखान्यांची रांग लागली, तसे मेकॅनिकलवाल्यांना दिवस आले. २०२२ मध्ये कॉलेजचं विद्यापीठ झालं. ज्यांची उमेदवारी सरकारी कामावर व्हायची, त्यांच्या वारसांना आता संशोधन, स्वतःचा उद्योग अशी स्वप्नं दाखवली जातात.

पण मेकॅनिकलची बाराखडी अजून वर्कशॉपमध्येच गिरवतात. लोखंडाचा तुकडा, म्हणजे ‘जॉब’, व्हाइसमध्ये (शिकंजात) आवळायचा, कानस चालवायची, मग गुण्या (काटकोन तपासायचं साधन) लावून उजेडासमोर धरायचा. फटीतून उजेड दिसला, की जॉब परत व्हाइसमध्ये.