बोलण्यासाठी टॅबलेट हवाय? सोलापुरात अर्ज नेमका कुठे अडतो

तोंडाने बोलता येत नाही, किंवा बोललेलं घरच्यांशिवाय कुणाला कळत नाही. पण टॅबलेटवरच्या चित्रांना, अक्षरांना बोट लावलं की यंत्राच्या आवाजात सगळं सांगता येतं. अशी माणसं आता खोली घेऊन स्वतंत्र राहू बघताहेत. रिक्षावाल्याशी, घरमालकाशी, डॉक्टरांशी स्वतः बोलायचं तर हे साधन कायम हाताशी हवं. मदतीच्या वाटा मुख्यतः दोन: दिव्यांगांना साधनं घ्यायला मदत करणारी केंद्राची एडिप योजना, आणि महापालिका किंवा जिल्हा परिषदेचा ५ टक्के दिव्यांग निधी. दोन्हीकडून अर्ज परत येताना दिसतात, कारण दिव्यांग दाखल्यावर हातपाय अधू असल्याची नोंद असते आणि वाचेचा उल्लेखच नसतो.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्डासाठी (दिव्यांगांचं ओळखपत्र) केंद्राच्या स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करायचा आणि तारखेला सिव्हिलमध्ये डॉक्टरांच्या बोर्डापुढे जायचं, हे बहुतेकांना माहीत आहे. खरी अडचण बोर्डापुढे येते. सेरेब्रल पाल्सी (मेंदूच्या इजेमुळे स्नायूंवर ताबा न राहणं) असलेला माणूस व्हीलचेअरवर दिसला की तपासणी हातापायांवरच थांबते. वाचेची तपासणी आपण मागून घ्यायची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत, त्यात वाचा आणि भाषेचं अपंगत्व वेगळं धरलेलं आहे.

टक्क्यांचा हिशोबही समजून घ्या. दोन अपंगत्वांची सरळ बेरीज होत नाही. मोठा आकडा अ आणि लहान ब धरला तर सूत्र असं: अ + ब × (९० − अ) ÷ ९०. हातापायांचं ३५ टक्के आणि वाचेचं ३५ टक्के असेल तर एकत्रित साधारण ५६ होतात. फक्त ३५ चा दाखला घेऊन, मदतीसाठीची किमान ४० टक्क्यांची अट पूर्ण होत नाही म्हणून निराश होऊन घरी गेलेल्यांनी कृपया पुन्हा तपासणी मागावी.

एडिपची उत्पन्नाची अट महिन्यावर आहे: २२,५०० रुपयांपर्यंत पूर्ण मदत, ३०,००० पर्यंत निम्मी. तहसीलदारांचा दाखला मात्र वर्षाचा असतो. म्हणजे वर्षाला २,७०,००० आणि ३,६०,०००. मासिक रकान्यात वार्षिक आकडा भरला की अर्ज गेलाच. आणि "तीन वर्षांत मदत घेतली नसावी" ही अट त्याच कारणासाठी घेतलेल्या मदतीची आहे. दोन वर्षांपूर्वी तीनचाकी सायकल मिळाली म्हणून बोलण्याचं साधन नाकारलं, तर योजनेतलं हे वाक्य दाखवून लेखी उत्तर मागा. बारा वर्षांखालच्या मुलांना ही मुदत एकच वर्ष आहे.

स्वतंत्र राहणाऱ्यांना सगळ्यात जास्त छळतो तो पत्ता. आधारवर बार्शीजवळचं गाव, राहायला सोलापूर शहरात भाड्याची खोली. महापालिका म्हणते तुम्ही शहरातले नाही, जिल्हा परिषद म्हणते तुम्ही गावात राहत नाही. भाडेकरार मागितला की घरमालक स्टँप पेपरवरचा नोटरी कागद पुढे करतो. महाराष्ट्रात भाडेकराराची नोंदणी सक्तीची आहे आणि ती करून देण्याची जबाबदारी घरमालकाची आहे, हे खोली घेतानाच सांगा. नोंदणीकृत करार हातात आला की आधी आधारचा पत्ता बदला, मगच निधीचा अर्ज करा.

शिफारसपत्राकडे फार लक्ष द्या. अर्जात नुसतं "टॅबलेट" लिहिलं की टेबलावरच्या माणसाला करमणुकीची वस्तू दिसते. वाचा उपचार तज्ज्ञांकडून स्पष्ट लिहून घ्या: बोलण्याऐवजी वापरायचं संवाद साधन, साधा मोबाईल का चालत नाही, व्हीलचेअरला बसवायला स्टँड लागतो का, बोट चालत नसेल तर स्विच लागतो का. त्याआधी घरातल्या फोनवर आयआयटी मुंबईत तयार झालेलं जेलो हे मोफत ॲप वापरून पाहा. कुणाला चित्रं सोयीची पडतात आणि कुणाला अक्षरं, हे तज्ज्ञांना सांगता आलं तर पत्र नेमकं होतं.

कार्यालयात मात्र फार वाईट वाटतं. अर्जदार समोर बसून टॅबलेटवर उत्तर देत असतो आणि प्रश्न त्याच्या आईला विचारले जातात. हे सहन करू नका. दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २ मध्ये 'संवाद' या शब्दाच्या व्याख्येतच अशा पर्यायी साधनांचा समावेश आहे. टॅबलेटवरून आलेलं उत्तर हे अर्जदाराचंच उत्तर. शांतपणे पण ठामपणे सांगा आणि सोबत आलेल्या नातेवाइकांनी जरा मागे बसावं. सही करता येत नसेल तर अंगठा आणि दोन साक्षीदार न्या.

अर्ज कुणाच्या हातात देऊन येऊ नका. आवक टेबलावर द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख घ्या. नाकारला तर कारण लेखी मागा. तोंडी नकारावर थांबू नका. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करायला गेलात, तर पहिल्यांदा हेच दोन कागद लागतील: शिक्क्याची प्रत आणि लेखी कारण.