पार्श्वभूमी : अडगळ घरातली आणि डोक्यातली

नकोशा वस्तू आणि कालबाह्य समजुती यांना एकाच पंक्तीला बसवणं ही आजची टूम वाटते, पण ही जोडी फार जुनी आहे. मज्झिमनिकाय या पाली बौद्ध ग्रंथात बुद्धाचा एक दृष्टांत आहे. एक वाटसरू गवत आणि फांद्या बांधून तराफा करतो, पाणी पार करतो, आणि पैलतीरी पोचल्यावर ‘याचे माझ्यावर फार उपकार आहेत’ म्हणत तोच तराफा डोक्यावर घेऊन चालू लागतो. बुद्धाचा रोख स्वतःच्याच शिकवणीवर होता: तीही पार होण्यासाठी आहे, कवटाळून बसण्यासाठी नाही. (आपल्या मताबद्दल असं सांगणारे गुरू विरळाच.) तत्त्वार्थसूत्र हा जैन ग्रंथ तर दोनच शब्दांत विषय संपवतो, ‘मूर्च्छा परिग्रहः’, म्हणजे आसक्ती हाच परिग्रह (संचय). परिग्रह वस्तूंच्या ढिगात नसतो, त्यात अडकलेल्या जिवात असतो.

नंतर पुरावे समोर ठेवले की समजुती आपोआप सुटतील, अशी आशा विज्ञानाने लावली. ती पुरती फळली नाही. प्येर लुई या फ्रेंच डॉक्टराने १८३५ मध्ये न्यूमोनियाच्या रुग्णांचे आकडे मांडून, तेव्हा रूढ असलेल्या, शरीरातून रक्त काढण्याच्या उपचाराने फारसा फायदा होत नाही हे दाखवलं. तरी तो उपचार पुढे कित्येक दशकं रेंगाळला.

असं का होतं, याचा एक धागा विसाव्या शतकात अर्थशास्त्राकडून आला. कानमन, नेच आणि थेलर या संशोधकांनी १९९० मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात कॉर्नेल विद्यापीठाच्या काही विद्यार्थ्यांना साधे कॉफीचे मग देऊन टाकले. थोड्याच वेळात, ज्यांना मग मिळाला होता ते तो विकायला सव्वापाच डॉलरच्या आसपास मागू लागले. न मिळालेले मात्र तो विकत घ्यायला अडीचच्या आगेमागे थांबले. मग तोच, फक्त तो आता ‘माझा’ झाला होता.

समजुतींचंही असंच असतं, हे मानसशास्त्रज्ञ रॉबर्ट एबेल्सन यांनी १९८६ मध्येच लिहून ठेवलं होतं. माणूस मतं जमवतो, मिरवतो, कदर करणाऱ्यांनाच दाखवतो आणि कुणी नावं ठेवली की दुखावतो. मला हा दुवा सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण त्यामुळे हट्टी माणूस अडाणीच असला पाहिजे हा ग्रह सुटतो.

वस्तू साठवत राहण्याला अमेरिकी मनोविकार वर्गीकरणात २०१३ साली स्वतंत्र विकाराचं स्थान मिळालं. तिथेही पहिली कसोटी वस्तूंच्या संख्येची नाही. त्यांचं मोल काहीही असो, त्या टाकणं सतत जड जाण्याची आहे. म्हणूनच उपचारात काय ठेवायचं आणि काय टाकायचं ते रुग्णालाच ठरवायला शिकवतात. दुसऱ्यांनी परस्पर रिकामं केलेलं घर बहुतेकदा पुन्हा भरतं.