कळंबोली ते बेनापोल: साथीच्या काळातला शेजारधर्म

19 एप्रिल 2021 रोजी सात रिकामे टँकर घेऊन देशातली पहिली ऑक्सिजन एक्स्प्रेस कळंबोलीच्या यार्डातून विशाखापट्टणमला निघाली. घाटातले बोगदे आणि पुलांची उंची आड येत असल्याने तिला वसई-सुरतवरून वळसा घ्यावा लागला. पनवेल-नवी मुंबईकरांना ही गाडी आठवते ती त्या दिवसांतल्या बेडच्या शोधाशोधीमुळे. पुढे याच योजनेचं काय झालं, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात नाही. 24 जुलैला 200 टन द्रवरूप ऑक्सिजन भरलेली अशीच एक गाडी टाटानगरहून बांगलादेशातल्या बेनापोलकडे रवाना झाली. तीन महिन्यांपूर्वी प्राणवायूसाठी धावाधाव करणारा देश आता तो शेजाऱ्याला पाठवत होता. लशीच्या बाबतीत याच्या नेमकं उलट घडलं: आधी सढळ हाताने दिलं, मग हात आखडला.

साथ आणि सीमा यांचा हा हिशेब जुना आहे. देवीची लस मुळात मुंबईत आली तीच बगदाद, बसरा असे टप्पे घेत. एकाच्या दंडावरच्या फोडातला द्राव दुसऱ्याला टोचायचा, असं करत ती जिवंत ठेवली गेली आणि 14 जून 1802 रोजी मुंबईत तीन वर्षांच्या एका मुलीला टोचली गेली.

पण खरा धडा मिळाला तो बांगलादेश युद्धात. तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून 1970 मध्ये देवी हटली होती. 1971 मध्ये लाखो निर्वासित भारतात आले, कोलकात्याजवळच्या सॉल्ट लेक छावणीत देवीची साथ पसरली आणि स्वतंत्र झालेल्या देशात परतणाऱ्या लोकांबरोबर ती पुन्हा तिकडे गेली. आपण दिलेला आसरा आणि आपल्याकडून गेलेला रोग, दोन्ही एकाच वाटेने! मे 1975 मध्ये भारतात नोंदलेली देवीची शेवटची रुग्ण आसामातल्या करीमगंजला सापडली, ती बांगलादेशातूनच आलेली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये तिथल्या भोला बेटावर आशियातला शेवटचा रुग्ण आढळला. एकट्या देशाने रोग हटवून भागत नाही, हे तेव्हा पुरतं कळलं.

पोलिओतही तेच. बिहार-उत्तर प्रदेशातला विषाणू नेपाळमध्ये शिरत राहिला, म्हणून सीमेवरच्या नाक्यांवर 'दो बूंद' देणारे बूथ लागले. राजस्थानातल्या मुनाबावला पाकिस्तानातून रेल्वेने येणाऱ्या मुलांनाही डोस दिले गेले. भारतातला शेवटचा रुग्ण जानेवारी 2011 मधला. मार्च 2014 मध्ये भारत-नेपाळ-बांगलादेशासह जागतिक आरोग्य संघटनेचा सगळा दक्षिण-पूर्व आशिया विभाग पोलिओमुक्त ठरला. या मोहिमांमध्ये लशीसाठी देशादेशांत ओढाताण नव्हती, हे मात्र विसरता कामा नये.

कोविडमध्ये ही ओढाताण होती. 15 मार्च 2020 रोजी सार्क या दक्षिण आशियाई देशांच्या संघटनेच्या नेत्यांची दूरदृश्य बैठक झाली, आपत्कालीन निधी ठरला आणि भारताने 1 कोटी डॉलर देऊ केले. पाकिस्तानने 30 लाख डॉलरची तयारी दाखवली, पण निधी सार्क सचिवालयामार्फतच चालावा, असा आग्रह धरला. 2014 च्या काठमांडूनंतर ज्या संघटनेची शिखर परिषदच झाली नव्हती, तिच्याकडून लशीचं सामायिक नियोजन कसलं होणार? प्रत्येक देशाने आपापला व्यवहार केला.

20 जानेवारी 2021 ला मुंबई विमानतळावरून कोविशिल्ड लशीचे दीड लाख डोस भूतानला आणि एक लाख मालदीवला भेट म्हणून गेले. दुसऱ्या दिवशी बांगलादेशला 20 लाख आणि नेपाळला 10 लाख. भूतानने 27 मार्चला मोहीम सुरू करून दोन आठवड्यांच्या आत बहुतेक प्रौढांना पहिला डोस दिलाही. तोवर आपल्याकडे दुसरी लाट आली. ठाणे-नवी मुंबईत केंद्रांबाहेर 'लस उपलब्ध नाही'चे फलक लागले आणि परदेशी गेलेले सुमारे 6.6 कोटी डोस राजकीय वादाचा विषय झाले.

मग भारताने लशीची निर्यात थांबवली. त्याचा फटका भेट म्हणून द्यायच्या डोसांपुरता नव्हता. बांगलादेशने कोविशिल्ड बनवणाऱ्या पुण्याच्या सीरमशी 3 कोटी डोसांचा करार करून आगाऊ पैसे भरले होते. 70 लाख मिळाले आणि पुरवठा बंद पडला. नेपाळमध्ये 65 वर्षांवरचे लाखो लोक दुसऱ्या डोससाठी ताटकळले. घोडबंदर रोडच्या सोसायट्यांमधल्या नेपाळी वॉचमनपैकी कितीजणांचे आईवडील त्यात असतील! मग बांगलादेश आणि नेपाळ चिनी सायनोफार्मकडे वळले. भूतानने जुलैमध्ये अमेरिकेहून आलेली मॉडर्ना वापरली. आपल्या घरची निकड खरीच होती. पण पैसे मोजलेल्या ग्राहकाला 'थांब' म्हणण्याचे नियम आधी ठरलेले नव्हते, ही उणीव आपलीच.

तरी शेजारी फिरले नाहीत. मे महिन्यात बांगलादेशने कोविडवर वापरल्या जाणाऱ्या रेमडेसिव्हिर औषधाच्या 10 हजार कुप्या पाठवल्या, भूतानने आसामला रोज 40 टन ऑक्सिजन देण्याची तयारी दाखवली. ऑक्टोबरमध्ये भारताची निर्यात पुन्हा सुरू झाली.

फेब्रुवारी 2021 मध्ये, म्हणजे दुसऱ्या लाटेच्या तोंडावर, पंतप्रधानांनी दहा शेजारी देशांच्या कार्यशाळेत डॉक्टर-परिचारिकांसाठी खास व्हिसा आणि हवाई रुग्णवाहिकांचा प्रादेशिक करार सुचवला होता. मे 2025 मध्ये जागतिक आरोग्य सभेने महासाथ करार मंजूर केला. मात्र विषाणूचे नमुने देणाऱ्याला लशीत किती वाटा मिळावा, हा सर्वांत अवघड भाग पुढच्या वाटाघाटींवर सोडून.