वाळवंटातला एकांत आणि मौन (ख्रिस्ती साधना)

वस्तीपासून लांब ओसाड जागी एकट्यानं राहायचं, बोलणं कमीत कमी ठेवायचं आणि चित्त देवाकडं लावायचं, ही ख्रिस्ती धर्मातली जुनी साधना. तिचा जम बसला इजिप्तच्या वाळवंटात, साधारण तिसऱ्या शतकाच्या अखेरीपासून चौथ्या शतकात. बायबलमधले दाखले (होरेब डोंगरावर एलीया संदेष्टा, रानात येशूचे चाळीस दिवस) सगळ्यांना ठाऊक आहेतच.

सुरुवात कुणी केली यावर मात्र वाद आहे. नेहमी नाव घेतलं जातं संत अँथनीचं (सुमारे 251–356), कारण अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशियस यानं लिहिलेलं त्याचं चरित्र खूप लवकर पसरलं. ख्रिस्ती विद्वान संत जेरोम मात्र इजिप्तमधल्या थीब्जच्या पौल नावाच्या साधकाला पहिला मान देतो, पण पौल ऐतिहासिक होता का यावरच बरेच अभ्यासक शंका घेतात. काहींच्या मते रोमन कराचा बोजा टाळायला शेतकरी गाव सोडून वाळवंटात पळायचे, त्याच वाटेनं हे साधकही गेले. करामुळं माणसं पळत होती हे खरंय, पण तेवढ्यानं साधनेचा उलगडा होत नाही, कारण अँथनीच्या चरित्रातच दिसतं की शेजारच्या गावात एक म्हातारा आधीपासून एकट्यानं साधना करत होता आणि अँथनीनं बहिणीला ठेवलं ते व्रतस्थ कुमारिकांकडं, म्हणजे गावात हे सगळं आधीच चालू होतं. 324 सालच्या, इजिप्तमधल्या करानिस गावच्या एका पपायरसवरही (लव्हाळ्याच्या कागदावरच्या तक्रार अर्जावरही) हेच दिसतं: गाईनं पीक खाल्लं म्हणून भांडण झालं, तक्रारदाराला मारहाण झाली आणि त्याला सोडवणाऱ्यांत आयझॅक नावाचा एक संन्यासी होता! त्यामुळं साधना गावात रुजली आणि मग वाळवंटात गेली, हे मत जास्त पटण्यासारखं आहे.

इजिप्तच्या वाळवंटातली नित्रिया, केलिया आणि स्केटिस ही या साधकांची मोठी केंद्रं. आठवडाभर आपापल्या खोलीत राहायचं, ताडाच्या पानांच्या टोपल्या-दोर विणायचे, स्तोत्रं म्हणायची, शनिवार-रविवारी सगळ्यांनी चर्चमध्ये जमायचं. म्हणजे एकांत पूर्ण तुटलेला नव्हता, आणि मौनही मुकेपणाचं नव्हतं, साधक ज्येष्ठ आब्बाला किंवा अम्माला (म्हणजे गुरुस्थानी मानलेल्या वडिलांना किंवा आईला) मनातले विचार उघडून सांगायचा. खोलीत बसून राहा, खोलीच सगळं शिकवेल असं आब्बा मोशे सांगायचा. सिंक्लेटिका या अम्माचं म्हणणं असं की गर्दीत राहूनही मनानं एकटं राहता येतं आणि एकटं राहूनही मनात गर्दी असू शकते. खरी लढाई मनाशीच होती. याच वाळवंटातल्या इव्हाग्रियस या साधकानं (सुमारे 345–399) आठ घातक विचारांची मांडणी केली, त्यातला दुपारचा कंटाळा त्यानं फार बारकाईनं टिपलाय, सूर्य जागचा हलत नाही, दिवस पन्नास तासांचा वाटतो, खोली सोडून पळावंसं वाटतं. जळगाव-भुसावळकडची मे महिन्यातली दुपार ज्यानं काढलीय त्याला हे वेगळं समजवायला नको.

या जुन्या साधकांकडं श्रद्धा आधी होती, वाळवंट नंतर आलं. आधुनिक काळात उलटं घडलेलं दिसतं आणि या नोंदीत ते महत्त्वाचं आहे. शार्ल द फुको (1858–1916) हा श्रद्धा गमावलेला माजी फ्रेंच लष्करी अधिकारी, 1883-84 मध्ये मोरोक्कोत फिरताना मुस्लिमांची भक्ती बघून हलला आणि 1886 ला पॅरिसमध्ये परत श्रद्धेकडं आला, पुढं सहारात तामनरासेतला राहिला, तिथंच मारला गेला, 2022 मध्ये संत घोषित झाला. अर्नेस्ट प्सिकारी (1883–1914) हा फ्रेंच विचारवंत रेनाँचा नातू, मॉरिटानियात सैनिकी नोकरीत वाळवंटाचा एकांत अनुभवून 1913 मध्ये कॅथलिक झाला.

आता आपल्याकडं पाहिलं तर खान्देशात वाळवंट नाही. एकांतसाधनेच्या जागा आहेत, तोरणमाळला नाथपंथीयांच्या आठवणी, तापी-पूर्णा संगमावर चांगदेव, पण त्या वेगळ्या परंपरेच्या. इथली ख्रिस्ती वस्ती मुख्यतः प्रोटेस्टंट मिशनांमधून वाढली, नवापूरकडं आदिवासी समाजात, आणि तिथं भर सामुदायिक प्रार्थनेवर नि गाण्यावर राहिला. मराठीत ख्रिस्ती संन्यासाचा ठळक दाखला म्हणजे रेव्हरंड ना. वा. टिळक, त्यांनी 1917 मध्ये मिशनची नोकरी सोडून संन्यास घेतला, पण तोही लोकांमध्ये राहूनच.