पेस्टर हे क्रियापद नक्की आलं कुठून

पेस्टर, म्हणजे एखाद्याला सतत त्रास देणे, हा इंग्रजी शब्द ऐकला की बहुतेकांना पेस्ट आठवतो, पेस्ट कंट्रोलमधला पेस्ट, म्हणजे किडे, उंदीर, उपद्रव, आणि मग पेस्टर करणारा म्हणजे उपद्रवी माणूस असा अर्थ इतका छान जुळतो की कोणी पुढे बघतच नाही. मीही कितीतरी वर्षं हेच धरून चाललो होतो. पण मुळात या शब्दाचा किड्यांशी काही संबंध नाही, तो आलाय गुराख्याच्या दोरीतून.

लॅटिनमधे पास्टोर म्हणजे गुराखी किंवा मेंढपाळ, चर्चमधला पास्टर म्हणतात तो हाच शब्द. जनावर चरता चरता लांब जाऊ नये म्हणून त्याच्या पायांना जी दोरी बांधायचे तिला पास्टोरिया म्हणायचे. त्यावरूनच लोकांच्या बोलीतल्या लॅटिनमधे पायात दोरी अडकवणे अशा अर्थाचं क्रियापद तयार झालं असं अभ्यासक मानतात, पुढे ते जुन्या फ्रेंचमधे गेलं आणि तिथून सोळाव्या शतकात इंग्रजीत येताना सुरुवातीचा भाग गळून पेस्टर उरलं. घोड्याच्या खुराच्या वरचा जो भाग असतो, जिथे ही दोरी बांधतात, त्याला इंग्रजीत पास्टर्न म्हणतात, तोही याच घरातला. सॅम्युअल जॉन्सनने 1755 च्या आपल्या डिक्शनरीत पास्टर्न म्हणजे घोड्याचा गुडघा असं चुकीचं लिहिलं होतं आणि एका बाईंनी असं का लिहिलं विचारल्यावर सरळ सांगितलं की अज्ञान, निव्वळ अज्ञान. हा प्रामाणिकपणा मला फार आवडतो.

तर सुरुवातीला पेस्टर म्हणजे त्रास देणे नव्हतंच, अडकवणे, गुंतवून ठेवणे, दाटीवाटी करून हलूच न देणे असा अर्थ होता. शेक्सपिअरच्या कोरिओलेनस नाटकात जमाव रस्त्यांना पेस्टर करतो, म्हणजे रस्ते माणसांनी तुंबलेत, रस्त्याला कोणी छळत नाहीये. कवी मिल्टनच्या 1634 च्या कोमस या नाट्यकाव्यामधे पृथ्वीवरची माणसं कोंडवाड्यात कोंबल्यासारखी पेस्टर होऊन जगतायत असं वर्णन आहे, आणि कोंडवाडा म्हटल्यावर बघा ना, पुन्हा जनावरच आलं. पण त्याच शेक्सपिअरच्या हॅम्लेटमधे, म्हणजे साधारण 1600 च्या सुमाराला, राजा तक्रार करतो की नॉर्वेचा राजपुत्र फॉर्टिनब्रास बापाने गमावलेल्या जमिनी परत मागण्यासाठी निरोपावर निरोप पाठवून आम्हाला पेस्टर करतोय, आणि हा वापर अगदी आजचा वाटतो.

म्हणजे दोन्ही अर्थ काही काळ शेजारी शेजारी नांदत होते. त्यातला त्रासाचा अर्थ जिंकला तो पेस्ट मुळे. पेस्ट हा वेगळ्या मुळाचा शब्द, लॅटिन पेस्टिस म्हणजे साथीचा रोग, तोही फ्रेंचमधूनच आणि जवळपास त्याच काळात इंग्रजीत आला, आणि उच्चार इतका सारखा की त्याने पेस्टरला आपल्याकडे ओढून घेतलं. म्हणजे आपला गैरसमज आजचा नाही, चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजांनाही तसंच वाटलं आणि त्यातूनच अर्थ बदलला.

मराठीत पायबंद हा शब्द अगदी असाच आहे. घोड्याच्या मागच्या पायांना बांधायची दोरी म्हणजे पायबंद, पण आपल्याकडे तो वाईट गोष्टीला आळा घालणे या बाजूला गेला आणि तिकडे तीच दोरी भुणभुण झाली. दोरी एकच, पण अर्थ अगदी उलट दिशांना गेले.

पेस्टर म्हणजे त्रास देणे एवढंच सांगितलं तर ते मला अपुरं वाटतं. एकदा कोणी त्रास दिला तर ते पेस्टर नाही. पुन्हा पुन्हा, छोट्या छोट्या मागण्यांनी किंवा प्रश्नांनी समोरच्याला हातातलं काम करू न देणं म्हणजे पेस्टर, आपण तगादा लावणे, पिच्छा पुरवणे, भंडावून सोडणे म्हणतो तसं. काही मागायचं असेल तर पुढे फॉर येतं, प्रश्नांनी भंडावायचं असेल तर विथ, आणि समोरचा शेवटी कंटाळून हो म्हणाला की इंटू. हरॅस मात्र याच्या जागी वापरू नये, तो फार गंभीर शब्द आहे, छळ या अर्थाचा, ब्रिटनमधे तर 1997 पासून त्यावर स्वतंत्र कायदाच आहे.

जाहिरातीच्या जगात पेस्टर पॉवर असा शब्दप्रयोग रूढ झाला, म्हणजे मुलांनी हट्ट करून करून आईवडलांना वस्तू घ्यायला लावायची ताकद. युरोपियन युनियनच्या 2005 च्या ग्राहक नियमांत जाहिरातीतून मुलांना थेट हे विकत घ्या किंवा आईबाबांना घ्यायला लावा असं सांगायला बंदी आहे.