एप्रिलमध्ये पेन का गळतं? निब आणि जिभेची रचना

सोलापुरात पारा चाळिशीपार गेला की शाईच्या पेनांच्या तक्रारी सुरू होतात. खिशाला डाग पडतो, टोपण काढलं की निबवर थेंब उभा असतो. हौसेनं पेन बनवणारे बरेचजण मग सरळ पॉलिश पेपर घेऊन टोक घासायला बसतात. गळतीत टोकाचा दोष जवळजवळ कधीच नसतो, आणि घासलेला धातू परत येत नाही. म्हणून आधी भाग ओळखावेत, हत्यार नंतर उचलावं.

निब टोकाकडून मागे बघत यावी. सगळ्यात पुढे कठीण मिश्रधातूची बारीक गोळी असते. तिला अजून 'इरिडियम पॉइंट' म्हणायची पद्धत आहे, पण हल्लीच्या गोळीत बहुधा ऑस्मियम, रुथेनियम, टंगस्टन असे धातू असतात. ही गोळी पोलादाच्या किंवा सोन्याच्या पत्र्याला जोडून मग मधोमध चीर कापतात. चिरेच्या दोन बाजूंना दोन पाती. चीर जिथे संपते तिथे गोल भोक असतं. लिहिताना पाती वाकतात, तेव्हा ताण चिरेच्या टोकाशी एकवटून पत्रा पुढे फाटू नये, हे त्याचं मोठं काम. हवेसाठी ते लागतंच असं नाही, भोक नसलेल्या निबाही व्यवस्थित लिहितात. भोकाच्या दोन्ही बाजूंना निब रुंद होते ते खांदे, आणि मागे जिभेवर, म्हणजे निबखालच्या शाई आणणाऱ्या तुकड्यावर, बसणारं बूड.

चीर मागे किंचित रुंद आणि टोकाकडे निमुळती हवी. फट अर्धी झाली की केशाकर्षणाची ओढ दुप्पट होते, त्यामुळे शाई आपसूक अरुंद बाजूकडे, म्हणजे टोकाकडे जाते. चीर उलटी झाली, टोकाशीच फाकली, तर शाई मागेच अडते आणि निब कोरडी पडते. दहापट भिंगातून निब उजेडासमोर धरली की हे लगेच कळतं. चीर साफ करायला 0.05 मिमी जाडीची पितळी पट्टी वापरावी. दाढीच्या ब्लेडनं पात्यांच्या आतल्या कडा ओरखडतात.

आता जीभ, म्हणजे फीड. गळतीचा खरा उलगडा इथे होतो. टाकीतून जेवढी शाई बाहेर जाते तेवढी हवा आत यावी लागते. शाई आणि हवेची ही अदलाबदल नेमकी घडवणाऱ्या फीडचं पेटंट लुइस वॉटरमननं 1884 साली घेतलं. जिभेच्या उभ्या खाचेच्या तळाशी केसासारखी चीर असते, तिच्यातून शाई उतरते आणि वरच्या मोकळ्या जागेतून हवा चढते. आडव्या खाचा जादा आलेली शाई तात्पुरती धरून ठेवतात.

समजा, थेट बॅरलमध्ये, म्हणजे पेनाच्या मागच्या नळीत, शाई भरायच्या पेनात 2 मिली हवा आहे. एसीतल्या 25 अंशांतून ते 42 अंशांच्या उन्हात आलं. नुसत्या तापण्यानं हवा जेमतेम 6 टक्के फुगते. पण शाईतल्या पाण्याची वाफही वाढते, आणि दोन्ही मिळून वाढ 11 टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे 0.2 मिलीहून जास्त, साधारण चार थेंब शाई बाहेर ढकलली जाते. आडव्या खाचांना एखादा थेंब पेलतो, चार नाही. तेच पेन काठोकाठ भरलेलं असेल आणि आत 0.3 मिलीच हवा असेल, तर एक थेंबही पुरता बाहेर येत नाही. म्हणून उन्हाळ्यात टाकी निम्म्यावर आली की भरून घ्यावी आणि पेन निब वर करूनच खिशाला लावावं. बॅरलची भिंत जाड एबोनाइटची (कडक केलेल्या रबराची) ठेवली तर हाताची ऊब आत उशिरा पोचते.

जीभ आणि निब यांच्यात फट राहिली तरी प्रवाह बिघडतो. जीभ एबोनाइटची असेल तर निब-जीभ 80 ते 90 अंशांच्या पाण्यात मिनिटभर बुडवावी, बाहेर काढून अंगठ्यानं एकमेकांवर दाबावी आणि गार होईपर्यंत सोडू नये. जास्त वेळ ठेवली तर जीभ पिळवटते. पेनाचं अंग मात्र या पाण्यात घालू नये, काळं एबोनाइट तपकिरी पडतं. प्लास्टिकच्या जिभेला हा उपाय लागू पडत नाही.

सेक्शनचे, म्हणजे निबमागच्या बोटांनी धरायच्या भागाचे, आटे स्वतः पाडणाऱ्यांसाठी: जोवो या निब कंपनीच्या 6 नंबर युनिटला (निब, जीभ आणि त्यांचं आट्यांचं घर) 7.4 मिमी व्यास आणि 0.5 मिमी पिचचा (दोन आट्यांतल्या अंतराचा) टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, लागतो, आधीचं भोक 6.9 मिमीचं. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टर्नरकडून काम करून घ्यायचं असेल तर टॅप आपणच न्यावा आणि भोक सेक्शनच्या मध्यरेषेवरच हवं हे ठासून सांगावं. तिरकं बसलं तर युनिटची कड एका बाजूनं टेकत नाही, तिथून हवा शिरते आणि शाई झिरपते. बॅरल आणि सेक्शनच्या आट्यांना सिलिकॉन ग्रीस हवंच. जिभेला ते अजिबात लागू देऊ नये, शाई त्यावर टिकत नाही.

टोक घासायची वेळ एकाच प्रकारच्या तक्रारीत येते. टोपण लावून ठेवलेलं पेन पहिल्याच अक्षराला अडत असेल, तर टोपण हवाबंद नाही, त्यातलं अस्तर बघा. पण सलग लिहिताना दर रेषेची सुरुवात कोरी जात असेल, तर गोळीच्या आतल्या कडा प्रमाणाबाहेर गोल झाल्यात आणि चिरेतली शाई कागदाला टेकतच नाही. अशा वेळी निबमध्ये शाई ठेवूनच, 12000 ग्रिटच्या मायक्रोमेशवर (अतिबारीक पॉलिश कापडावर), पेनाच्या वजनाइतकाच दाब देऊन इंग्रजी आठचे दोन-तीन आकडे काढावेत. भिंगातून बघावं, कागदावर लिहून बघावं, आणि रेष पहिल्या टेकण्यापासून उमटायला लागली की तिथेच थांबावं.